लाल झालर

सिरसाळ्याच्या बाजारात मी माझा जुना टांगा विकला, तेव्हा घेणाऱ्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. त्यानं टांगा फारसा पाहिला नाही, ऐकला. चाक उचलून गरकन फिरवलं, डोळे मिटले आणि कान जवळ नेला. "आस झिजलाय, मालक," एवढंच म्हणाला. मग बाजाराच्या रीतीनं रुमालाखाली माझी बोटं दाबून भाव केला. चाकाचा आस खरंच झिजला होता. मी ते लपवलं होतं. मुकाट्यानं पंधरा रुपये उतरलो.

पैसे त्यानं तेलगावच्या एका दुकानदाराकडून व्याजानं आणले होते. माझे संस्थानी हाली रुपये मोजून दिले आणि उरलेले पंधरा धोतराच्या सोग्यात गाठ मारून बांधले.

टांगा अगदीच बोडका दिसत होता. मी म्हणालो, "उरलेत तर छताला लाल झालर लावा. गिऱ्हाईक झालर बघून बसतं."

त्यानं गाठ चाचपली. "ह्या पैशाला एकच काम सांगितलं व्हतं, टांगा आणायचं. ते झालं. आता त्यानं आपल्या घरी जावं. झालर टांगा कमवील."

सोबत आणलेलं घोडं जुंपून तो तेलगावच्याच वाटेला लागला.

दिवाळीनंतर परळीच्या रस्त्यावर मागून घुंगरं वाजली. तोच होता, टांगा माणसांनी भरलेला. थांबायला सवड नव्हती. जाता जाता त्यानं चाबकाच्या टोकानं वर दाखवलं. लाल झालर वाऱ्यावर हलत होती.

टांगा विकून आलेले पैसे मी कशात घालवले, हे मला तोवर आठवतही नव्हतं.