दुपारच्या विहिरीवरची बातमी
गव्हाच्या पिठाची खळ शिजायला लागली, की त्या आंबूस वासानं मला मलकापूरच्या आमच्या मुलींच्या शाळेचं भित्तिपत्र आठवतं. मुदतीच्या तापातून कशीबशी वाचले होते मी, डोक्यावरचे केस सगळे काढलेले, शरमेनं घराबाहेर पडत नव्हते. तेव्हा शाळेच्या बाई घरी येऊन म्हणाल्या, "रडत काय बसलीस? भित्तिपत्रासाठी गावातली एक बातमी आण." मग काय, आईचं लुगडं नेसले, पदर भुवयांपर्यंत ओढला आणि भर दुपारी निघाले. विहिरीवर लाल लुगड्यातली एक बाई एकटीच पाणी शेंदत होती. वाऱ्यानं माझा पदर सरकला, तशी तिनं बादली खाली ठेवली आणि माझ्या तुळतुळीत डोक्यावरून ओला हात फिरवला. "इतकुशी पोर वं तू! तुहाबी नवरा गेला काय?" मी झटक्यानं मागे सरले. "मी तशी नाही वं माय! मले ताप आला होता. माहे केस येतीन!" तिचा हात तसाच हवेत राहिला. "हाव, तुहे येतीन," ती म्हणाली. मग तिनंच सांगितलं, सकाळी आम्हा विधवांचं तोंड पाहिलेलं लोकांना चालत नाही, म्हणून आम्ही उन्हात पाणी भरतो. तीच माझी पहिली बातमी. शाळेत वाहवा झाली, आणि शिक्षण संपेपर्यंत मी ते काम सोडलं नाही. पण वेणी खांद्यावर आली तरी त्या विहिरीच्या वाटेनं काही गेले नाही. आता माझंही कपाळ पांढरं आहे, केस मात्र आहेत; विंचरताना तिचं 'तुहे येतीन' आठवून अजून मान खाली जाते.