ताईच्या विमानाचा विसार

"आनि तुमी नोकरी न्हाय दिली, तर आमाला डबल देनार ना?" काकाने विचारलं.

समोरच्या मॅडम छान हसल्या. त्यांना वाटलं, हा माणूस मस्करी करतोय. आमच्या घरात मस्करी करणारा मी आहे, काका नाही. काका दोन्ही हात मांडीवर ठेवून, तलाठी ऑफिसात बसतो तसा, उत्तराची वाट बघत बसला होता.

ठाण्यातलं ते ऑफिस एवढं थंड होतं की पप्पांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. भिवंडीजवळच्या अंजूरहून आम्ही चौघं गेलो होतो. ताई, कारण पायलट तिला व्हायचं होतं. पप्पा, कारण पैसे ते भरणार होते. काका साक्षीदार म्हणून, आणि मी दुसरा साक्षीदार. साक्षीदार आणा असं ऑफिसने कुठेच सांगितलं नव्हतं. पण सही आहे म्हटल्यावर आमच्याकडे दोन माणसं आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन निघतातच. मॅडमनी आमच्या झेरॉक्स उलटसुलट करून बघितल्या आणि परत दिल्या.

ताईने या ट्रेनिंग कंपनीच्या तीन परीक्षा काढल्या होत्या. एक गणित-फिजिक्सची. एक सहा जणांनी गोल बसून इंग्रजीत एकमेकांचं बोलणं तोडायची. आणि एक कॉम्प्युटरवर, हातात जॉयस्टिक धरून पळणारा ठिपका चौकटीत ठेवायची. मग मेल आला. अभिनंदन, कॅडेट पायलट प्रोग्रॅमसाठी तुमची निवड झाली आहे. वर मोठ्या एअरलाइनचं चिन्ह, आणि खाली एक ओळ: अठ्ठेचाळीस तासांत पाच लाख भरून सीट पक्की करा.

पप्पा भिवंडीत एका शाळेत क्लार्क आहेत. पाच लाख त्यांच्या खात्यात कधीच पडून नसतात. पण त्यांच्या वाटणीचं रस्त्याला लागून शेत आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना गोडाऊनं उभी राहिलीत. एक शेठ त्या शेतासाठी दोन वर्षं मागे लागला होता. दोन वर्षं पप्पा नाही म्हणत होते. मेल आला त्या दिवशी हो म्हणाले. विसार पावती केली, शेठचे पाच लाख घेतले आणि संध्याकाळी कंपनीच्या लिंकवर भरून टाकले. ओटीपी मी टाकला. नंतर पायलटच्या आवाजात, नाकात बोलत, सगळ्यांना पट्टे बांधायला सांगितले. आईने हसता हसता पेढा माझ्या तोंडात कोंबला.

विसार म्हणजे सौदा पक्का करायला आधी दिलेले पैसे. जमीन घेणारा मागे फिरला, तर त्याचा विसार बुडाला. विकणारा मागे फिरला, तर त्याने दुप्पट परत करायचा. यावर आमच्याकडे वाद होत नाही. त्यामुळे कंपनीने पाच लाख घेतले म्हटल्यावर काकाच्या आणि पप्पांच्या हिशोबात कंपनी बांधली गेली होती. आता तिला ताईला पायलटची खुर्ची द्यावीच लागणार, नाहीतर दहा लाख.

"सर, ही फी नॉन-रिफंडेबल आहे," मॅडम म्हणाल्या.

काकाने माझ्याकडे बघितलं.

"परत मिळत नाही," मी म्हणालो.

"डबल न्हाय मिलत?"

"काका, सिंगलपण नाही मिळत."

मॅडमनी जाडजूड करार पुढे सरकवला. ताई वाचायला लागली, वाचून मराठीत सांगायला लागली, आणि प्रत्येक कलमाला काका एकच प्रश्न विचारायला लागला, "खर्च कुनाचा?" परदेशात हवा खराब झाली आणि विमानं उडाली नाहीत, मुक्काम वाढला. खर्च उमेदवाराचा. डॉलर वाढला, उमेदवाराचा. एखाद्या चाचणीत नापास झालं, पुन्हा तेवढे तास विमान उडवायचं, उमेदवाराचा. मधेच डॉक्टरांनी अनफिट ठरवलं, भरलेले पैसे उमेदवाराचे गेले. लायसन मिळाल्यावर मोठ्या विमानाचं ट्रेनिंग वेगळं, त्याचे पैसे आता सांगितलेल्या रकमेत नाहीत. आता सांगितलेली रक्कमच एक कोटीच्या वर होती. शेत विकून बरोबर तेवढेच येणार होते.

मी तोपर्यंत मनात मॅडमची नक्कल बसवत होतो, ते "सर"मधलं लांब "स" वगैरे. सातव्या-आठव्या पानाला ती नक्कल माझ्या डोक्यातून गळून पडली.

"आनि येवढं झाल्यावर नोकरी?" काकाने विचारलं.

ताईने ती ओळ दोनदा वाचली. "एअरलाइनला गरज असेल तर."

"गरज हाय का न्हाय, ता कोन ठरवनार?"

"एअरलाइन, सर," मॅडम म्हणाल्या.

"मग मॅडम, येवढ्या पानांत तुमच्यावर येक तरी अट हाय का?"

मला खरा धक्का इथे बसला. मॅडमनी करार स्वतःकडे ओढला आणि शोधायला लागल्या. खरंच शोधत होत्या. पानं उलटली, मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या. शेवटी म्हणाल्या, "ट्रेनिंगची व्यवस्था करून देणं."

मग त्यांना एकदम काहीतरी सुचलं. भिंतीवर टोप्या घातलेल्या मुलांचे फोटो होते. त्यातल्या एकावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा बघा, तुमच्याच बाजूचा. खारबावचा. आमचाच स्टुडंट."

"कुनाचा पोर?" काकाने विचारलं.

ते मॅडमना माहीत नव्हतं. काकाने उठून मोबाईलवर फोटोचा फोटो काढला. सोयरीक जुळवताना करतो तशी चौकशी करून मगच सही, असं त्याने जाहीर केलं. मॅडम म्हणाल्या, सोमवारपर्यंतच सीट धरून ठेवता येईल.

काकाला तो मुलगा शोधायला दोन फोन लागले. आम्हाला वाटलं, आता विमानतळावर जाऊन भेटायचं. पत्ता मिळाला आमच्याजवळच्या मानकोलीचा.

तो एका गोडाऊनच्या गेटवर आला. अंगात चमकत्या पट्ट्यांचं हिरवं जाकीट, हातात पार्सलं स्कॅन करायचं मशीन. चेहरा फोटोतलाच. काकाने मोबाईलकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, पुन्हा मोबाईलकडे.

"फोटो खरा आहे काका," तो म्हणाला. "लायसनपण खरं आहे. तुम्ही चहा घेणार ना?"

टपरीवर उभं राहून त्याने सगळं सरळ सांगितलं, लाजला नाही. त्याची बॅच परत आली तेव्हा भरती थांबलेली होती. चौदा महिने झाले, तो वेटिंगवर. परदेशात वर्षाचं काम पावणेदोन वर्षं चाललं, कारण विमानं कमी आणि मुलं जास्त. तेवढे दिवस खोलीचं भाडं चालूच. "आणि लायसन कपाटात ठेवून चालत नाही. मधे मधे उडवायला लागतं, मेडिकल करायला लागतं. नाहीतर ते मरतं. त्याचे पैसे वेगळे."

"आनि लोन?" काकाने विचारलं.

"बाबांच्या पेन्शनमधून जातं."

पप्पांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. अर्धा तसाच होता.

ताईने एकच विचारलं, "पहिल्यांदा एकट्याने उडवलंस, तेव्हा काय झालं?"

त्याने मशीन टपरीच्या फळीवर ठेवलं. "बाजूची सीट रिकामी असते. तिच्याकडे बघायचं नाही. मास्तर उतरलेला असतो, त्यामुळे विमान हलकं होतं, पटकन उचलतं. तू तयार नसतेस आणि ते वर गेलेलं असतं." हे सांगताना त्याचे दोन्ही हात पुढे आले होते, काहीतरी धरल्यासारखे, आणि मागे कंटेनरवाला हॉर्न वाजवत होता तरी त्याला ऐकू आला नाही. मी आमच्या एसटीच्या सगळ्या कंडक्टरांचे आवाज काढतो. याचा मला आजपर्यंत जमलेला नाही.

मग सुपरवायझरने हाक मारली आणि तो मशीन उचलून पळाला.

रिक्षात ताई म्हणाली, "मी सही करत नाही. पप्पा, शेत विकू नका."

"अगं, तुझ्यासाठीच विकतोय."

"माहिताय मला. म्हणून सांगतेय."

अंजूर फाट्याच्या जरा अलीकडे काका हळूच पप्पांना म्हणाला, "दादा, मग शेठला डबल."

कंपनीने आम्हाला दुप्पट द्यावं म्हणून आम्ही भांडत होतो, आणि आपणही कुणाचा तरी विसार घेऊन बसलोय हे चौघांच्याही डोक्यातून गेलं होतं. पाच लाख कंपनीकडे गेले ते गेले. आता शेठला खिशातून दहा द्यायचे.

मला गप्प बसता येत नाही. मी मॅडमचा आवाज काढला, "सॉरी शेठ, ही फी नॉन-रिफंडेबल आहे."

कोणी हसलं नाही. पप्पा पुढे बघत म्हणाले, "तसं बोलायचं नाही." ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

सोमवारी ताईने कंपनीला नकाराचा मेल पाठवला आणि आम्ही शेठच्या गोडाऊनमधल्या केबिनमध्ये गेलो. पप्पांनी लपवाछपवी केली नाही. सगळं सांगितलं आणि व्यवहार मोडतोय म्हणाले. मला वाटत होतं, शेठ आता म्हणेल, जाऊ द्या सर, मुलीचं काम होतं. मी त्याला थँक्यू म्हणायची तयारीसुद्धा केली होती.

शेठने विचारलं, "सर, कंपनीने लिखके दिया था, नौकरी देगा?"

"नाही."

"मैंने तो लिखके दिया था ना?"

"हो."

"आपने भी सही किया था."

"केली होती," पप्पा म्हणाले. "डबलच देणार शेठ. एकदम जमणार नाही, एवढंच."

मी पप्पांकडे बघत राहिलो. भाजीवाल्याशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालणारा हा माणूस, दहा लाखांवर एक शब्द घासाघीस नाही. ठाण्याच्या थंड ऑफिसात ज्या रिवाजासाठी काका भांडला, तोच इथे आमच्या समोर बसला होता, आणि पप्पांना त्याला नाही म्हणता येत नव्हतं. शेठही खलनायक नव्हता. पाच लाख पीएफमधून आत्ता, बाकीचे दोन वर्षांत हप्त्याने, व्याज नाही, एवढं त्याने स्वतःहून मान्य केलं. विसार पावतीच्या मागेच लिहायचं ठरलं.

दोन साक्षीदार लागले. एक काका. मी पुढे झालो, तर ताईने मला मागे सारलं.

"बेटी, अब क्या करेगी?" शेठने पेन देताना विचारलं.

"आधी मेडिकल. त्यात पास झाले, तर लायसनचे सरकारी लेखी पेपर, घरी बसून. ते निघाले, तर उडवायचं बघू."

"और उसका पैसा?"

"माहीत नाही," ताई म्हणाली.

तिने पेन घेतलं, पण सही केली नाही. कागद उलटा करून आधी पुढची बाजू वाचली, मग मागची, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून. एका हप्त्याची तारीख राहिली होती, ती शेठला लिहायला लावली. पप्पा उभे होते, काका उभा होता, शेठ आपल्याच केबिनमध्ये हात बांधून थांबला होता. मग तिने सही केली.