बोर्ड वाचणारी लेक

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही बेंगळुरूला आलो ते थेट आनेकल रोडवर, नवऱ्याच्या कारखान्याजवळ. मी पुण्याची एम.ए., लेक पाच वर्षांची. रोज दुपारी मी तिला पाटीवर ग-म-भ-न गिरवायला बसवायची आणि रोज ती शेजारच्या अक्कांकडे सटकायची. तिथे पोरांचा बस-बस खेळ रंगायचा. पुठ्ठ्यावर कोळशाने बोर्ड लिहायचा, एकाने कंडक्टर व्हायचं आणि ‘रैट, रैट’ ओरडत अंगणभर फिरायचं. संध्याकाळी अक्कांच्या टीव्हीवर कन्नड सिनेमाची गाणी, समोरच्या भिंतीवर त्याच सिनेमांची पोस्टरं. एवढ्यावर ही बया कन्नड वाचायला लागली! खरंच वाचते की ठोकून देते, हेही मला कळत नसे. माझा नुसता तिळपापड व्हायचा.

एका दुपारी तिला सणकून ताप भरला. नवरा पाळीवर, अक्का गावाला गेलेल्या, आणि रिक्षा आमच्या बाजूला फिरकत नसत. मी तिला खांद्यावर टाकून रस्त्यावर आले. तिथे चिटपाखरू नव्हतं. हॉस्पिटल शहरातल्या मार्केटच्या वाटेवर होतं, पण निम्म्या बस मधेच भलतीकडे वळायच्या. त्या खासगी बसना नंबर नसे, बोर्ड फक्त कन्नडमध्ये, आणि हात केल्याशिवाय त्या थांबत नसत.

लांबून एक बस दिसली. मी तिचं डोकं सरळ केलं.

“बाळा, बघ गं, काय लिहिलंय?”

तिने डोळे किलकिले केले. “ही नको. दुसरीकडे जाते.”

बस धुरळा उडवत गेली. तापातल्या पोरीच्या शब्दावर मी बस सोडली होती. बरोबर केलं की चूक, विचारणार कोणाला? मला रडूच फुटलं.

बऱ्याच वेळाने दुसरी आली. “हीच. मार्केट,” ती म्हणाली. मी हात केला.

कंडक्टरने काहीतरी विचारलं. मला ओ की ठो कळेना. तिनेच माझ्या मांडीवरून सांगितलं, “आस्पत्रे.”

“सरी,” म्हणत त्याने तिकीट फाडलं.

तिचं अंग नुसतं पेटलं होतं. डोळे मिटत होते आणि ती ते पुन्हा पुन्हा उघडत होती.

“झोप गं राणी.”

“मी झोपले तर तू उतरशील कुठे?”

“कंडक्टरकाका सांगतील ना.”

“ते कन्नडमध्ये सांगतील, आई.”

तिने कपाळ खिडकीच्या गजाला टेकवलं आणि रस्त्यावरचे बोर्ड पुटपुटत वाचू लागली. मी तिला वाचू दिलं.