अर्ध्या तिकिटाची थप्पड

भाडेमामा आधी मारायचा, मग बोलायचा. आईचा हा थोरला भाऊ अमडापूरला राहायचा, भाजीचा ट्रक चालवायचा. कोणी भाडं जास्त सांगितलं की त्याच्या बाह्या वर जायच्या. चिखलीच्या स्टँडवर एका जीपवाल्यानं आजारी म्हातारीकडून दुप्पट पैसे घेतले. "काऊन बे, मुडद्याकडूनबी भाडं घेशील काय?" म्हणत मामानं त्याला खाली ओढलं आणि जीपच्याच हँडलनं त्याचा खांदा मोडला. मग त्यालाच ट्रकमध्ये घालून दवाखान्यात नेलं. "दवाईचे पैसे मी देतो. तू भाडं बराबर घेत जाय."

मुलांनो, तुम्ही तिकडे फोनवर स्वस्त विमानतिकिटं शोधता. मामानं माझ्यासाठी शोधलं ते असं.

मी तेरा वर्षांची होते. आईला उपचारासाठी मुंबईला नेलं होतं, मी मामाकडे होते. सकाळी वडिलांची तार आली: ती फार वेळ काढणार नाही, लगेच या. आगगाडीनं दुसऱ्या दिवसाची दुपार झाली असती. औरंगाबादहून विमान तासाभरात पोचायचं, पण त्या तासाचं भाडं ऐकूनच माणूस मागे फिरे. घर झाडूनही एका पूर्ण तिकिटाचे पैसे जमेनात. बारा वर्षांच्या आतल्या मुलांना अर्धं तिकीट, हे मामाला ठाऊक होतं. त्यानं कातर घेऊन माझ्या वेण्या मानेशी कापल्या, धाकट्या मामेबहिणीचा फ्रॉक अंगात कोंबला आणि ट्रक दामटला.

विमानतळाच्या खिडकीवरच्या बाबूनं मला इंग्रजीत वय विचारलं. वर्गात इंग्रजीत पहिली येणारी मी. ऐटीत "थर्‌" एवढं म्हणते तोच मामाची थप्पड बसली. मी फरशीवर पडले. ओठ फुटला. भोकाड पसरलं.

"अहो, एवढ्याशा लेकराला मारता?" बाबू ओरडला.

"दहाची हाय. तिकडे माय मरून राह्यली, अन् हिले इंग्रजी सुचते!"

बाबूनं घाईघाईनं अर्धं तिकीट फाडलं. मामा एकटा रेल्वेनं निघाला.

संध्याकाळी मी मुंबईच्या इस्पितळात पोचले तेव्हा आई शुद्धीवर होती. माझ्या सुजलेल्या ओठावर तिनं बोट ठेवलं. "दादानं मारलं? म्हणजे अर्ध्या तिकिटात आलीस," म्हणाली आणि हसली. पहाटे ती गेली.

मामा दुपारी पोचला. वडिलांचा चेहरा पाहून त्याला कळलं. माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, "तुले भेटली?"

"हो."

"बोलली?"

"हसलीसुद्धा."

"हाव," म्हणून त्यानं मान हलवली. मग इस्पितळाच्या पायरीवर बसून स्वतःच्याच तोंडात मारू लागला. वडिलांनी आणि एका शिपायानं दोन्ही हात धरले, तरी आवरेना.