उष्ण पाल्याची कांडी

डीमन या डच गावात, आमच्या ट्राम स्टॉपवर कोणी गांजा ओढत असलं, की माझा डावा गुडघा आपोआप गरम होतो. बऱ्याच वर्षांपूर्वी इथल्या एका हिवाळ्यात सायकल हाणून हाणून त्या गुडघ्यात अख्खा उत्तर समुद्र गोठला होता. मी तो वाकवला की बर्फ फुटल्याच्या आवाजाने शेजारी खिडकीशी धावत. शेवटी वरच्या मजल्यावरच्या चिनी आजींनी दवण्याच्या जातीतल्या सुक्या पाल्याची, चिरुटासारखी वळलेली कांडी दिली. हा पाला उष्ण, हाडातली थंडी आणि सांध्यातली ओल ओढून काढतो. पेटवून दोन बोटं लांब धरायची, कातडीला मात्र टेकवायची नाही. धुराचा वास थेट गांजाचा! आठवड्यात मी जिना नाचत उतरू लागलो! माझ्या रूममेटचा खांदा धरला होता, म्हणून रोज त्याच्या पाठीमागे उभा राहून त्यालाही शेकायचो. "देवमाणूस आहेस रे," तो डोळे मिटून म्हणायचा. मग पुण्याहून त्याचा मावसभाऊ यायचा ठरला, आणि इथे खोली मिळण्यापेक्षा मोक्ष सोपा. एका सकाळी घरमालकीण आली आणि नाक मुरडून म्हणाली, "हा धूर कसला?" नुकताच शेकलेला खांदा चोळत तो म्हणाला, "गांजा, मॅडम. हा रोज घरातच ओढतो. मी किती समजावलं!" संध्याकाळी मी बॅगेसकट रस्त्यावर, आणि आठवड्याभरात माझ्या गादीवर मावसभाऊ. परवा, इतक्या वर्षांनी, त्याचा फोन आला. "यार, खांदा पुन्हा धरलाय. कांडी आणलीय, बायको शेकणार आहे. किती लांब धरायची रे?" मी अगदी प्रेमाने म्हटलं, "लांब कशाला? तिला सांग, चांगली दाबून टेकव."