रेड्याचा रेडिएटर

रोह्याच्या शनवारकाकांच्या गॅरेजातून अक्षर उमटलेली वस्तू कधी भंगारात गेली नाही. फुटक्या बॅटरीचं झाकण, ट्रकची वाकडी नंबरप्लेट, बिस्किटाचा डबा, ज्यावर नाव असेल ते काका फडक्यानं पुसून फळीवर ठेवत. "नाव हाय त्याच्यावर. नाव उघड्यावर टाकू नये." त्यांच्या बेने इस्रायली ज्यू घरात देवाचं नाव असलेल्या जुन्या पोथ्यांना जो नियम होता, तो काकांनी ग्रीसच्या डब्यापर्यंत आणून ठेवला होता. फळीवर इतकं साठलं की मधली भिंत माझ्या पंक्चरच्या दुकानात हातभर आत सरकली. खोटं वाटत असेल तर येऊन बघा.

दुसरा नियम शुक्रवारचा. सूर्य बुडाला की पान्हा खाली. अर्धा नट फिरला असेल तर अर्धाच राहणार. "देवानं सातव्या दिवशी हत्यार ठेवलं. मी काय त्याच्यापेक्षा मोठा मिस्त्री हाय?" गिऱ्हाईक आई-बाप काढत जाई आणि रविवारी परत काकांच्याच दारात उभं राही.

एकोणीसशे नव्वदनंतरच्या अशाच एका शुक्रवारी काकांच्या शेडमध्ये एकच काम उरलं होतं. रविवारी काका मुलीकडे, इस्रायलला, कायमचे निघाले होते. आणि उरलेलं काम म्हणजे पेणच्या कॅप्टनबाईंचा रेडा. त्यांच्या नवऱ्यानं बोटीवरून आणलेली आठ सिलिंडरांची अमेरिकन गाडी. तिकडे तिला मसल कार म्हणतात म्हणे. पेणकरांनी रेडा म्हटलं आणि तेच शोभलं. ती सुरू झाली की कुंडलिका नदीतले मासे काठाला येऊन बघत. कॅप्टन वारले तेव्हा गाडी काकांकडे दुरुस्तीला होती, ती तिथंच झाकून राहिली. आता बाईंनी निक्षून सांगितलं होतं, "काका, शुक्रवारी ती स्वतःच्या चाकांवर घरी आली तर ठेवीन. नाहीतर तुमच्यामागे भंगारात. दारात मढं नको मला."

इंजिन तयार होतं. अडलं होतं रेडिएटरवर. शेडमध्ये रेडिएटर दोन, समोरून बघितले तर जुळे भाऊ. एक रेड्याचा अस्सल; दुसरा त्याच कंपनीच्या लहान इंजिनाच्या गाडीचा, अस्सल गळायला लागला तेव्हा काकांनी तात्पुरता जोडलेला. कोणता कुणाचा, हे इतक्या वर्षांनी काकांनाही आठवेना. पण एकावर पितळी नंबरपट्टी होती, कागदांत होता तोच नंबर. दुसरा बोडका, खुराड्याचं दार म्हणून कोंबड्यांच्या सेवेत.

मी म्हटलं, "काका, खुराड्यावरचा जाड दिसतो."

"पंक्चरवाल्या, तू हवा बघ. पाणी मी बघतो."

चुकीचा बसला तर इंजिन उकळून तडकणार, आणि तसलं दुसरं समुद्राच्या अलीकडे नव्हतं. काकांनी पट्टीवाला बसवला. सकाळीच आम्ही भिसे खिंडीच्या चढावर गाडी पारखायला निघालो, चाकावर मी. अर्ध्या चढावर काटा सरसर लाल रेघेकडे गेला. "बंद कर! बंद कर!" काका किंचाळले. वाफेचा असा फवारा उडाला की खिंडीतली माकडं आंघोळ करून गेली.

इंजिन वाचलं की गेलं, ते गार झाल्याशिवाय कळणार नव्हतं. काका बॉनेटमध्ये डोकं घालून उभे. मग पट्टीवर नख फिरवलं आणि कपाळावर हात मारला.

"अरे, कंपनी पट्टी बोल्टाखाली अडकवते. ही कथलानं डागलेली हाय. आणि हा डाग माझा हाय!"

"तुमचा?"

"अस्सल काढला तेव्हा पट्टी लोंबत व्हती. नाव उघड्यावर पडंल म्हणून मीच ह्याच्यावर चिकटवली. बाशिंग एकाचं, बांधलं दुसऱ्याला!"

गार झाल्यावर इंजिन सुरू झालं तेव्हा काकांनी आधी हिब्रूत आणि मग आगरीत देवाचे आभार मानले. गाडी उतारानं रोह्याला आणली. खुराडं सोडलं, कोंबड्या बाजारपेठेत पसरल्या. जाळी खरवडली तर आत नळ्यांच्या चार ओळी; पट्टीवाल्यात दोनच. गळती डागून काकांनी रेडिएटर टेकवला, तसा तो चौकटीवरच्या जुन्या घासल्याच्या खुणांवर पायात चप्पल बसावी तसा बसला.

खिंड चढलो. नागोठणं गेलं, गडब गेलं. डावीकडे सूर्य खाडीवर उतरत होता आणि काका काट्याकडे एकदा, सूर्याकडे एकदा बघत होते. वडखळ नाक्यावर तो बुडाला.

"थांबव."

"काका, पेण आलंच की!"

"माझ्यासाठी नाय आलं. शनवार लागला, आता गाडीत बसू नये." ते उतरले आणि चालायला लागले. म्हातारा माणूस, हायवेवर एकटा सोडणार कसा? मी मागून गाडी माणसाच्या चालीनं काढली. आणि मग माझी नजर काट्यावर गेली. रांगत्या गाडीच्या रेडिएटरला वारा लागत नाही. खिंडीपेक्षा कडक परीक्षा ती हीच. मागे डोलवीच्या कारखान्याचे ट्रेलर शिव्या घालत होते.

"काटा?" काका वळून न बघता ओरडले.

"मधे!"

जरा पुढं गेल्यावर पुन्हा, "काटा?"

"मधेच हाय, काका!"

पेणच्या वेशीत त्यांनी विचारणं सोडलं. कॅप्टनबाई फाटकात उभ्या होत्या. रेड्याचा आवाज ऐकून त्यांनी खांबाला हात धरला. काका गाडीला न शिवता बाजूला झाले आणि बाहीनं डोळे पुसायला लागले.

"काय झालं, काका?"

"धूर गेला डोळ्यात."

धूर गाडीच्या मागून निघतो आणि काका वडखळपासून पुढं चालत आले होते. पण जन्मभर गाड्या उघडलेल्या माणसाला हे सांगणारा मी कोण?