दुपारी या, भेट नक्की

ज्या दुकानात माल दिसत नाही ते दुकान चोराचं, असं माझ्या बाबांचं मत होतं आणि त्यांच्या मतावर आमच्या मोहल्ल्यात अपील चालत नसे. बाबा हातमागावर लुगडी विणायचे. घरात मागाचा खडखडाट एवढा की आमच्याकडे भांडणंसुद्धा हातवाऱ्यांनी व्हायची आणि शेजारी त्याला नाच समजून बघायला यायचे. त्यामुळे गांधीबागेतल्या एका जाहिरातीच्या कंपनीत शिकाऊ म्हणून लागलो, तिथे कॉम्प्युटर आहे आणि मला त्यावर प्रोग्राम लिहायचे आहेत, असं मी सांगितलं तेव्हा बाबांनी हातातला मागाचा धोटा थांबवला. आमच्या घरी धोटा फक्त ग्रहणात थांबे.

"विकतेत काय तिथं?"

"जाहिरात, बाबा."

"ते समजलं. माल काय आहे?"

"माल दुसऱ्याचा असते. हे लोकाइले नुसती पत्रं पाठवतेत."

"म्हणजे माल दुसऱ्याचा, गिऱ्हाइक दुसऱ्याचं. मंग हे मधातले कोन?"

या प्रश्नाचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. बाबांनी मात्र निकाल देऊन टाकला. "दिवाळीपर्यंत जाय. त्याइनं ठेवलं तं ठीक. नाही ठेवलं तं गुमान या खड्ड्यात पाय सोडून बसाचं."

हातमागावर बसणाऱ्याचे पाय जमिनीतल्या खड्ड्यात असतात. आमच्या दुसऱ्या मागाचा खड्डा रिकामाच होता आणि बाबा तो रोज सकाळी माझ्यादेखत झाडून ठेवायचे. मी चहा पीत असलो की जरा जास्तच वेळ झाडायचे.

कंपनीत गेलो तर तिथे बाबांचा संशय माझ्याआधीच येऊन बसलेला. दुसरा मजला, दोन खोल्या, खाली कापडाची ठोक दुकानं. बाहेरच्या खोलीत टाइपरायटरवर एक बाई. आतल्या खोलीत कॉम्प्युटर. त्याला मखमलीचा झगा घातलेला आणि दर मंगळवारी उदबत्ती ओवाळायची. आत जायचं तर चपला बाहेर काढायच्या. सगळं नागपूर वाळ्याच्या कूलरपुढे बसून घाम पुसत असताना या यंत्रासाठी मात्र एअर कंडिशनर होता, आणि तो असा की एकदा माझी शिंक बाहेर पडता पडता गोठली. मी स्वेटर न्यायला लागलो. ऑक्टोबरच्या उन्हात काखेत स्वेटर घेऊन सायकलवर निघालेला तरुण मोहल्ल्यानं पाहिला आणि बाबांच्या कानापर्यंत बातमी पोचली.

"गांधीबागेत स्वेटर काहून लागते तुले?"

"मशीनले थंडी लागते बाबा."

"मंग मशीनले घाल ना!"

कंपनीचे साहेब पुण्याचे. ते फोनवर बोलताना भिंतीकडे तोंड करत आणि 'डेटा' हा शब्द असा कुजबुजत की ऐकणाऱ्याला वाटावं, गोदामात चोरीची घड्याळं उतरली. एकदा साहेब जेवायला गेलेले बघून मी भिंतीतलं कपाट उघडून पाहिलं. आत एक छत्री होती. रिकाम्या कपाटात एकच छत्री ठेवणारा माणूस मला जास्तच संशयास्पद वाटला.

टाइपिस्ट बाईंचा संशय माझ्यावर. हा पोरगा आणि ही पेटी मिळून आपली खुर्ची खाणार, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवलं. पाणी प्यायला उठल्या तरी टाइपरायटरला मेणकापड घालून वर सुतळीची गाठ मारायच्या. आणि माझा संशय बाईंवर, की ह्या माझं काम बिघडवणार आणि मी खड्ड्यात जाणार. साहेबांनी मला स्वच्छ सांगितलं होतं, "दिवाळीच्या सेलचं एक काम आहे. ते जमलं तर तुला ठेवीन. नाही तर आपले मार्ग वेगळे." तेव्हा सगळ्या कंपनीत संशय न घेणारं एकच होतं, ते म्हणजे यंत्र. त्याला जे सांगाल ते ते खरं मानायचं. घात तिथेच झाला.

काम असं होतं. खालच्या गल्लीत एका सेठचं साड्यांचं मोठं दुकान. दुकानाला त्यांचंच नाव, पुढे 'अँड सन्स'. आदल्या दिवाळीत त्यांनी लकी ड्रॉ काढला होता आणि त्याच्या चिठ्ठ्यांवर बायकांनी आपापली नावं, पत्ते लिहून दिले होते. साहेबांची कल्पना ही की यंत्रानं प्रत्येकीच्या नावानं वेगळं पत्र छापायचं. सगळ्या नागपुरात असं कुणी केलं नव्हतं. माझ्या मते आशिया खंडात नसावं.

साहेबांनी इंग्रजी पत्राचा एक नमुना दिला. "हे आपल्या भाषेत कर. पुस्तकी नको हं. इथल्या बायकांना आपलं माणूस बोलतंय असं वाटायला हवं."

मी जीव ओतला. नमुन्यात 'डिअर' होतं, त्याचं 'प्रिय' केलं. आधी नावामागे 'सौ.' घातलं होतं, पण यादीत एखादी बिनलग्नाची असली तर तिचा अपमान नको म्हणून काढून टाकलं. शेवटी 'अँड सन्स' ओळीत मावेना, तेव्हा तेही उडवलं. बाई दोनदा दाराशी आल्या.

"दाखव नं रे एकदा. पत्रं टाइप करन्यात जिंदगी गेली माही."

"गुप्त आहे बाई. डेटा आहे." मी कोपर आडवं टाकलं.

"डेटा असो का बेटा असो, मायना तं पाहू दे!"

नाही पाहू दिला. मायना म्हणजे पत्राची सुरुवात कशी करायची ते, आणि ते शिकायला टाइपिस्टकडे कशाला जायचं? प्रिंटर सुरू झाला. त्याचा आवाज थेट मागासारखा, त्यामुळे मला फार आपलेपणा वाटला. सेठच्या सहीचा शिक्का मारून साहेबांनी न वाचताच पत्रं टपालात टाकली. तर शहरातल्या घराघरांत, भर दुपारी, पोस्टमननं बायकांच्या हातात ठेवलेलं ते पत्र असं होतं:

'प्रिय अमुक, तुमची लय आठवण येऊन राहिली. मागच्या दिवाळीपासून तुम्ही फिरकल्याच नाही. काहून रुसल्या? मी रोज दाराकडे पाहून राहिलो. दुपारी या, तेव्हा गर्दी नसते. एकट्या या, नाही तं मैत्रिणीले घेऊन या. भेट नक्की. तुमचाच,' आणि खाली सेठचं नाव.

भेट म्हणजे स्टीलचा डबा. प्रत्येक साडीवर एक. हे मला माहीत होतं, सेठना माहीत होतं, साहेबांना माहीत होतं. पत्रात लिहायचं राहिलं. साडी हा शब्दही राहिला होता.

दुसऱ्या दिवशी पहिला नवरा आला तो लकडगंजातला लाकडाच्या टालीचा मालक. साग उभा चालत यावा तसा माणूस. जिन्याच्या पायऱ्या त्याच्या खाली रडत होत्या. मागोमाग आणखी नवरे, आणि त्यांच्या मधोमध, कडेलोटाला नेतात तसे धरून आणलेले सेठ. वय साठीपलीकडचं, दम्याचा त्रास.

"मेरी घरवाली ने डिब्बा नहीं भेजा आज!" सेठ साहेबांवर ओरडले. "बोलती है, जिसको याद करते हो उसके यहाँ खाओ!"

टालवाल्यानं पत्र साहेबांच्या नाकाला लावलं. "हे कोनं लिहिलं?"

साहेबांनी वाचलं. पुण्याचा गोरा माणूस, पण चेहरा असा झाला की चुन्याची भिंत सावळी दिसावी. "हे... कॉम्प्युटरनं लिहिलंय."

"कॉम्प्युटरले माह्या बायकोचं नाव कसं माहीत?"

"काढा गा बाहेर त्याले!" मागून कुणीतरी म्हणालं. "कुठं लपवला?"

त्यांना कॉम्प्युटर हा इसम वाटत होता. साहेबांनी माझ्याकडे बोट केलं आणि मला घरचा खड्डा दिसला, अगदी माझ्या पायांच्या मापाचा.

"काका, चपला काढून आत या," मी म्हणालो.

इतक्या संतापातही त्या सगळ्यांनी चपला काढल्या. आत उदबत्तीचा वास आणि गारवा लागल्यावर दोघांनी तर चुकून हातही जोडले. टालवाला मात्र पलंगाखाली बघतात तसा टेबलाखाली बघत होता. मी विचारलं, "काका, तुमचं नाव?" त्यानं संशयानं सांगितलं. मी ते यंत्रात घातलं, प्रिंटर खडखडला, आणि कागद फाडून मी त्याच्या हातात दिला.

तो मोठ्यानं वाचायला लागला. "प्रिय..." पुढे त्याचंच नाव. "तुमची लय आठवण येऊन राहिली. काहून रु..." इथे त्याचा आवाज बसला. त्यानं हळूच सेठकडे पाहिलं. सेठ दोन पावलं मागे सरकले.

"जाजो गा दुपारी!" मागून एक जण ओरडला. "एकटाच जाजो, भेट नक्की!"

हसण्यानं एअर कंडिशनर बंद पडला असं मी सांगतो. वीज गेली होती असं बाई सांगतात. त्याआधी मात्र प्रत्येक नवऱ्यानं स्वतःच्या नावाचं एकेक पत्र छापून घेतलं.

पण संशय काही इतक्यानं जात नाही. दुपारी बायका दुकानात आल्याच, कारण भेट म्हणजे काय हे त्यांनाही बघायचं होतं. आणि प्रत्येकीसोबत पहारा द्यायला नवरा. पहाऱ्याला आलेला नवरा चारचौघांत साडीला नाही म्हणू शकत नाही. गर्दी अशी की चौकापर्यंत सायकली अडल्या, आणि सेठना खुर्चीवर उभं राहून ओरडावं लागलं, "सब मेरी बहनें हैं! सब मेरी बहनें!"

संध्याकाळी सेठ वर आले, घाम पुसत. डोळे बारीक करून म्हणाले, "साहब, सच बोलो. ये गलती थी, या जान बूझ के किया?"

साहेबांनी भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग टाय सारखा केला. "सेठजी, हा आमच्या योजनेचाच भाग होता."

बाईंनी सुतळी सोडता सोडता मोठ्यानं श्वास घेतला.

सेठ खाली गेल्यावर साहेबांनी दार लोटलं. "तुला काढायलाच हवं होतं मी. पण आता काढलं तर सेठला कळेल की चूक होती. म्हणून उद्यापासून तू कायम. फक्त यापुढे एकही कागद बाईंनी मायना तपासल्याशिवाय बाहेर जाणार नाही. आणि ही चूक होती हे कुणालाही सांगायचं नाही. घरीसुद्धा नाही. शपथ घे."

घेतली. बाईंनी लगेच लाल पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

घरी पोचलो तेव्हा बाबा सूत गुंडाळत होते. मी म्हणालो, "बाबा, ठेवलं मले. कायमचं."

"काहून ठेवलं?"

"ते सांगता येत नाही, बाबा. शपथ आहे."

बाबांनी सूत खाली ठेवलं आणि आईला हाक मारली. "आयकलं का वं? काम केलं म्हणते, ठेवलं म्हणते, आन् काहून ठेवलं ते सांगता येत नाही म्हणते. मी पहिल्या दिवशीच म्हनलं होतं, चोर आहेत लेकाचे!"